पट्टीमास्तरांचं तपकिरी औषध

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, इस्पितळात ड्रेसर. सगळे त्यांना पट्टीमास्तर म्हणतात. जखम धुवायची, तपकिरी आयोडीन लावायचं, पट्टी बांधायची, जन्मभर हेच केलं. बोटं कायमची पिवळट. कुणाला जरा खरचटलं की हे बाटली घेऊन हजर. "भावोजी, उद्या सर्दीलाही हेच लावाल," असं मी त्यांना चिडवायचे.

मग माझ्या भाचीला, त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा कॅन्सर झाला. ग्रंथी काढली, तरी रोग फुप्फुसांत पोचलाच होता. आता सगळी भिस्त किरणोत्सर्गी आयोडीनच्या गोळीवर. डॉक्टरांनी नीट समजावलं, "या पेशी आयोडीनला हपापलेल्या असतात. साधं कोणतं आणि किरणं सोडणारं कोणतं, ते त्यांना कळत नाही. म्हणून आधी त्यांना उपाशी ठेवायचं. साध्यानंच पोट भरलं, तर गोळी वाया."

झालं, भावोजी हात धुऊन स्वयंपाकघराच्या मागे लागले. आयोडीनचं मीठ बंद, मासे बंद, अंडी बंद, दूध बंद. ताईच्या हातातलं प्रत्येक पाकीट हिसकावून वाचायचे. पोरगी ते बेचव जेवण मुकाट गिळायची. तिला जगायचं होतं.

गोळीच्या आदल्या आठवड्यात तिच्या पायावर उकळतं पाणी सांडलं. पाऊल सोलून निघालं. भावोजींनी रोज स्वतः पट्टी बदलली आणि आपलं तपकिरी औषध अगदी सढळ हातानं लावलं. आम्ही शेजारी बसून बघत होतो, पण कुणाच्याच डोक्यात प्रकाश पडला नाही. आयोडीन तोंडावाटे जातं, एवढंच आम्ही धरून बसलो होतो.

गोळीच्या दिवशी लघवीतलं आयोडीन तपासलं. डॉक्टरांनी अहवाल पाहिला, मग पायाची पट्टी पाहिली.

"हे काय लावलंय?"

भावोजींनी सांगितलं. सांगता सांगताच ते आपल्या पिवळट बोटांकडे बघायला लागले.

"भाजलेल्या कातडीतून सगळं रक्तात गेलंय," डॉक्टर म्हणाले. "आता गोळी देऊन उपयोग नाही. दोन-तीन महिने थांबावं लागेल."

"तेवढे आहेत का तिच्याकडे?" ताईनं विचारलं.

मला भावोजींचा इतका संताप आला, की मी तोंडाला येईल ते बोलणार होते. पण ते बाकावर मटकन बसले होते आणि लेकीचे दोन्ही हात धरून पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पोरी, शिव्या तरी दे गं मला. काहीतरी बोल."

ती बोलायला बघत होती. दम पुरत नव्हता.