धुतलेला टॅब आणि धसईचा दसरा

आधीच सांगते, या पोस्टमध्ये फोटो नाहीत. माझा ब्लॉग वाचणारे म्हणतील, अनघा आणि फोटो नाहीत? मग गेली तरी कशाला? त्याचं उत्तर शेवटपर्यंत वाचलंत तर मिळेल. मधेमधे रस्त्यांची आणि खाण्याची माहिती आहे, ती कामाची आहे. बाकी माझं जे काही झालं ते झालं.

वैशाली माझी कॉलेजातली मैत्रीण. धसईला खोली घेऊन राहते आणि तिथून स्कूटरने डोंगराकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत शिकवायला जाते. "पावसानंतर ये, भात पिवळं झालं की ये," असं ती वर्षानुवर्षं म्हणत होती आणि मी डोंबिवलीत बसून "येते गं" म्हणत होते. या दसऱ्याला शेवटी रजा टाकली, गाडीत कॅमेरा, चार्जर, दोन शबनम भरल्या आणि निघाले. नवरा म्हणाला, "मैत्रिणीला भेटायला चाललीयस की शूटिंगला?" मी म्हटलं, दोन्ही. तेव्हा हसू आलं होतं.

सरळ कल्याण-मुरबाड धरलं असतं तर दुपारच्या आत पोचले असते, पण मला तानसा बघायचं होतं, म्हणून नाशिक हायवेने शहापूर. शहापुरात एसटी स्टँडजवळ मिसळ खाल्ली. झणझणीत, तर्री मागाल तेवढी, आणि पाव ताजे. हायवेवरच्या चकचकीत हॉटेलांत थांबू नका, पैसे जास्त आणि चव कमी. पुढे आटगावहून आत वळलं की तानसाचं रान लागतं. रस्ता अरुंद, पण बरा आहे. धरणाजवळ चौकीवरच्या काकांनी माझा कॅमेरा बघितला आणि हात हलवला, "म्याडम, फोटो नाय." मी जरा हुज्जत घातली, मग फणकाऱ्याने परत फिरले. कुणी फोटो काढू नका म्हटलं की मला रागच येतो, हा माझा स्वभाव.

परत शहापूर, तिथून किन्हवली. किन्हवलीत चहा घ्या आणि पेट्रोल बघून घ्या. तिथून सरळगावच्या दिशेने दोन्ही बाजूंना नुसतं भात. लोंब्या वाकलेल्या, काही ठिकाणी कापणी सुरू. खड्डे आहेत, गाडी सावकाश हाणा. धसईला पोचेस्तोवर उन्हं कलली होती. वैशालीने पिठलं आणि तांदळाची भाकरी केली होती. मी इतकी जेवले की तीच म्हणाली, "डोंबिवलीत उपास करतेस का गं?"

दुसऱ्या दिवशी शाळेत पाटीपूजन होतं. दसऱ्याला सुट्टी, म्हणून आदल्या दिवशी. जाताना वैशालीने शाळेचा संसार सांगितला. वर्ग चार, शिक्षक दोन. त्यातले सर कायम कुठल्या ना कुठल्या ड्युटीवर. म्हणजे खऱ्या अर्थाने ती एकटीच. तिसरी-चौथीला शिकवायला बसली की पहिली-दुसरी उंडारते. मग उपाय म्हणजे टॅब. कुठल्याशा कंपनीने दोन दिले होते, एक पावसाळ्यात गेला, एक उरला. पाड्यावर रेंज नाही, म्हणून ती धसईत बसून आठवड्याचे धडे, कविता, गणिताचे खेळ उतरवून घेते आणि शाळेत पहिली-दुसरीपुढे टॅब लावून देते. टॅबमधली बाई बोलते, पोरं तिच्यामागून बोलतात.

"माझी जोडीदारीण आहे ती," वैशाली म्हणाली. "पगार नाही, रजा नाही, ड्युटी नाही."

या जोडीदारणीची जबाबदारी चौथीतल्या कुसुमकडे. कपाटाची किल्ली दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात असते. सकाळी टॅब काढायचा, पुसायचा, लहान पोरांचे हात बघायचे, खरकटे असतील तर धुवायला पिटाळायचं, संध्याकाळी कपाटात ठेवायचा. मी गेले तेव्हा ती एका पहिलीतल्या पोराला दटावत होती, "बोटाला गूळ हाय तुज्या. जा, आधी धू." मला ती फार आवडली. तिचे मी पोचल्या पोचल्या पाच-सहा फोटो काढले आणि तीही लाजत लाजत ऐटीत उभी राहिली.

मुलं पाट्यांवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढत होती. हौदावर सकाळपासून धुणं चाललं होतं. पाट्या, घंटा, फुटपट्ट्या, खडूची डबी, एकाने तर घरून विळा आणला होता, तोही. पूजेला बसायचं ते सगळं धुऊन, हळद-कुंकू लावून ओळीने मांडायचं, ही तिथली रीत. आपल्याकडे नाही का दसऱ्याला गाड्या धुतात, तेच.

आणि मला सुचलं. म्हटलं, पाट्यांच्या मधोमध टॅब ठेवू. त्याच्यावर बोटाने सरस्वती काढायची. पाटी आणि टॅब, जुनं आणि नवं, ब्लॉगला याहून भारी फोटो कुठला? वैशाली आत नारळ-साखरेची वाटणी करत होती. तिथूनच म्हणाली, "ठेवा. पण जपून गं कुसुम."

कुसुमने किल्ली लावून टॅब काढला आणि सरळ हौदाकडे निघाली. मी कॅमेरा घेऊन मागे, फोटोही आणि व्हिडिओही. तिने टॅब पाट्यांसारखाच डाव्या हातावर आडवा धरला, उजव्या हाताने तांब्या उचलला आणि पाणी सोडलं. सकाळचं ऊन त्या पाण्यातून येत होतं, तिची बोटं काचेवरून फिरत होती. मी काय केलं सांगू? मी ओरडले नाही. मी म्हणाले, "थांब, थांब. अजून एकदा ओत. हळू."

तिने माझ्याकडे बघितलं, जरा घुटमळली. मग अजून एकदा ओतलं. हळू.

नंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं, की माझा फोन पाण्यात पडला तरी चालतो, त्यामुळे लक्षातच आलं नाही. पण खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मला टॅब दिसतच नव्हता. फ्रेम दिसत होती.

पूजा झाली, टॅबवर सरस्वती उमटली, मला हवा तो फोटो मिळाला. मग आरतीच्या मधेच पडदा लुकलुकला आणि काळा झाला. वैशालीने बटण दाबलं, चार्जर लावला, उलटा करून झटकला. कडेने पाण्याचा थेंब तिच्या तळव्यावर पडला.

"पाणी कुठून आलं?"

कुसुम पुढे झाली. "मीच धुतला बाई. देवापुढं ठेवायचा तं धुवून नाय ठेवायचा?"

"अगं टॅब आहे तो, पाटी आहे का? वर्षभर सांभाळलास आणि आज अक्कल कुठे गेली तुझी?" वैशाली एरवी आवाज चढवत नाही. पण आता उरलेलं वर्षभर चार वर्ग एकटीने ओढायचे होते, तिचाही तोल गेला. तिने हात पुढे केला. कुसुमने मान खाली घालून गळ्यातला दोरा काढला आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. ठेवताना एकदा माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतंच.

मी गळ्यात कॅमेरा लटकवून तिथेच उभी होते. "वैशाली, मी सांगितलं तिला," एवढं एक वाक्य. तोंडातून फुटलं नाही. उलट मी काय म्हणाले माहितेय? "जाऊ दे गं, लहान आहे." मोठेपणा घेतला वर! आज लिहितानासुद्धा कानशिलं तापतात.

संध्याकाळी वैशालीने टॅब तांदळाच्या डब्यात पुरला. तांदूळ पाणी ओढतो म्हणतात. मी शेजारी बसून पोहे खात होते.

दसऱ्याला धसईचा बाजार बघण्यासारखा असतो. झेंडूचे ढीग, आपट्याच्या डहाळ्या, भाताच्या लोंब्यांची तोरणं, भाजी स्वस्त आणि शेतातली. सकाळी लवकर जा, उन्हं चढली की फुलं मलूल होतात. एरवी मी शंभर फोटो काढले असते. त्या दिवशी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. वैशालीने विचारलं, "बरं नाही का?" म्हटलं, डोकं दुखतंय.

संध्याकाळी आम्ही पाड्यावर गेलो. देवळासमोर सगळे जमले होते, एकमेकांना सोनं देत होते. आपट्याचं पान द्यायचं, लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायचं. गर्दीतून कुसुम आली. नवा फ्रॉक, तेल लावून चापून घातलेल्या वेण्या, गळा मोकळा. आधी वैशालीच्या पाया पडली. मग माझ्यासमोर आली, पान दिलं, "सोना घ्या, सोन्यासारख्या ऱ्हावा," म्हणाली आणि माझ्या पायांवर डोकं टेकवलं.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी तिला उठवलं, पण डोळ्याला डोळा देता येईना.

परतताना स्कूटर चढावर होती तेव्हा मी म्हणाले, "थांब." खाली उतरले आणि वैशालीला फोनवरचा व्हिडिओ दाखवला. कॅमेऱ्यातून मी तो आदल्या दिवशीच फोनवर घेतला होता, ब्लॉगवर टाकायला. त्यात पाण्याचा आवाज आहे, आणि माझा. थांब, थांब. अजून एकदा ओत. हळू.

वैशालीने पूर्ण बघितला. फोन परत दिला.

"तू बघत होतीस?"

"हो."

"आणि मी तिला बोलत होते तेव्हा?"

म्हटलं, माझा घरचा टॅब आहे, नवाच आहे, तो पाठवते. ती फाडकन म्हणाली, "तो तर मी घेणारच आहे. सोडते की काय! पण तेवढ्यावर सुटायचं नाही. पोरीला सगळ्यांसमोर बोलले मी. आता सांगायचंही सगळ्यांसमोर. परवापर्यंत रजा वाढव."

रजा वाढवली. शाळा भरली. पहिली ते चौथी सगळी पोरं सतरंजीवर बसली आणि मी, या वयात, फळ्यापाशी उभी राहिले. सोपं वाटलं होतं. लहान पोरं तर आहेत. पण आधी उगाच फळा पुसला. म्हणाले, "टॅब कुसुममुळे बिघडला नाही. तिला पूजेत ठेवायला मी सांगितलं. पाणी ओतताना मी बघत होते, थांबवलं नाही. उलट फोटोसाठी परत ओतायला लावलं. आणि बाई तिला रागावल्या तेव्हा मी गप्प बसले."

मग तोच गुळाच्या बोटाचा पोरगा मागून म्हणाला, "मंग बाई, त्यांना पन वरडा ना!"

सगळी शाळा खदखदून हसली. "कान धरा! कान धरा!" मी कान धरले. वैशालीने त्यांना गप्प केलं नाही. कुसुम मात्र हसत नव्हती. खाली मान घालून सतरंजीचे धागे उपटत होती, जसं काही तिचंच काहीतरी उघडं पडलं होतं.

वैशालीने किल्ली तिच्या गळ्यात घातली आणि तिला जवळ घेतलं. "माझंही चुकलं गं. पण मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस, या ताईंनी सांगितलं म्हणून?"

कुसुम पुटपुटली, "पावनी हाय ना ती. पावन्यांचा नाव कसा घ्यायचा?"

मी बाहेर हौदापाशी जाऊन उभी राहिले. रडले म्हणायलाही लाज वाटते.

डोंबिवलीला परत जाताना तो बिघडलेला टॅब घेऊन मुरबाडला थांबले. स्टँडजवळच्या गल्लीत दुरुस्तीवाले आहेत. एकाने उघडून बघितला, म्हणाला, "पडदा येईल, बाकी आतलं सगळं गेलं." म्हणजे वैशालीने धसईत बसून उतरवलेले धडे गेले. मुरबाडहून कल्याण रस्ता चांगला आहे, संध्याकाळी मात्र कल्याणच्या अलीकडे गर्दी लागते, चारच्या आत निघा. मी निघाले नाही, अडकले. गाडीत बसून वैशालीची बोलणी आठवत होते. त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता.

घरी येऊन माझा टॅब पाठवला. तो सुरू आहे, वैशाली पुन्हा एकेक धडा उतरवतेय. आपट्याचं पान माझ्या टेबलावर वाळलंय. नवरा विचारतो, ट्रिप कशी झाली, फोटो दाखव. मी म्हणते, दाखवते नंतर.

काल वैशालीचा मेसेज आला. कुसुम रोज विचारते म्हणे, ताईंनी माझा फोटो टाकला का? तिला घरी आईला दाखवायचाय. तिचा असा एकटीचा फोटो आजवर कुणी काढला नव्हता.

मी गॅलरी उघडून बसले. पहिल्या दिवशी ऐटीत उभी राहिली होती ते पाच-सहा फोटो शोधले. एकही सापडला नाही. हौदावर कॅमेऱ्याचं कार्ड भरलं होतं, तेव्हा जागा व्हावी म्हणून मीच ते उडवले होते. तिचे उरलेत ते सगळे हौदावरचे. सगळे सुंदर आहेत. आणि एकही असा नाही, ज्यात पाणी नाही.