पोळ्याच्या बैलावरचं चित्र

माझे दीर धामणगाव बढ्यात दुकानांच्या पाट्या रंगवतात. दरवर्षी पोळ्याला ते आमच्या पांढऱ्या बैलाच्या अंगावर काहीतरी टोमणा रंगवतात आणि तोरणाखाली सगळं गाव तो वाचायला जमतं. त्या वर्षी शेजारच्या गावात गोवराची साथ होती, आणि आमच्याकडे मात्र लस म्हटली की बायका दाराला कडी लावत होत्या. कोणी म्हणे लेकरू लुळं पडतं, कोणी म्हणे पुढे वंश चालत नाही. भाऊजींनी त्यावरच चित्र काढलं. दंडावर सुई टोचलेला माणूस, डोक्याला शिंगं फुटलेली, मागे शेपूट, आणि बायको त्याच्या गळ्यात घुंगरमाळ घालते आहे. खाली ठळक अक्षरं, 'लस घेतली, शिंगं आली.'

गाव पोट धरून हसलं. मीही हसले. माझी मुलगी तेव्हा नऊ महिन्यांची, गोवराची लस द्यायची वेळ झालेली. मला वाटलं, आता तरी घरातली कटकट मिटेल.

कशाची मिटते! बैल दारोदार ओवाळून घेऊन घरी आला तेव्हा चित्रावर कुंकू लागलेलं होतं. सासूबाईंनी त्याच्यासमोर पुरणपोळीचं ताट धरलं, पाया पडल्या आणि मला म्हणाल्या, "पोरीले टोचाले न्यायचं नाही. पोळ्याच्या बैलाच्या अंगावर कोनी खोटं लिहीत नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, ती थट्टा आहे, तुमच्याच लेकाने केलेली, त्यालाच विचारा. भाऊजींनीही परोपरीने समजावलं. पण सासूबाईंचं एकच, हात त्याचा असेल, दिवस देवाचा आहे. गल्लीतल्या बाकीच्या सासवांनीही तेच धरलं. आणि माझे नवरोबा? मोबाइलमध्ये तोंड घालून 'बघू' म्हणाले. या 'बघू'चा मला जितका संताप येतो तितका सासूबाईंच्या देवभोळेपणाचाही येत नाही. त्यांना निदान काहीतरी पक्कं वाटत तरी होतं.

लसीकरणाच्या दिवशी मी पोरीला उचललं आणि भाऊजींना म्हटलं, गाडी काढा. सासूबाई दारात आडव्या बसल्या. मी त्यांना ओलांडून गेले. ते बरं दिसलं नाही हे मला ठाऊक आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही. उपकेंद्रात सिस्टर लशीचा डबा घेऊन बसलेली, आणि आमच्या गल्लीतून आलेलं लेकरू एकच, माझं.

आठवड्याने पोरीचं अंग जरा तापलं. तसं होईल हे सिस्टरने आधीच सांगितलं होतं. तरी घरात कोणी माझ्याशी बोलेना. ताप उतरला, पोर पुन्हा घरभर रांगायला लागली, तेव्हाही कोणी काही बोललं नाही.

मग तर कहरच झाला. त्या चित्राचा फोटो मोबाइलवरून फिरत फिरत तालुक्याला पोचला, साहेब लोकांना आवडला, आणि गावाने भाऊजींचा सत्कार ठेवला. जनजागृती केली म्हणून शाल, नारळ, हार. आपल्या गावाने अंधश्रद्धेला कसं हसून उत्तर दिलं, हे सरपंच माइकवर सांगायला लागले. टाळ्या पडल्या. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. कुणाची जागृती? टाळ्या वाजवणाऱ्या त्याच बाया, मांडीवर तीच बिनलशीची लेकरं, आणि सासूबाई पहिल्या रांगेत, लेकाचं कौतुक डोळ्यांत मावेना.

आमच्याकडे सुना सभेत बोलत नाहीत. मी पोरीला कडेवर घेऊन उभी राहिले आणि विचारलं, "सरपंचभाऊ, तुमच्या नातवाले लस देल्ली का?"

सरपंचांनी मागे बसलेल्या बायकोकडे पाहिलं. तिने पदर सारखा करत नातवाला जवळ ओढलं. मग वेळ फार झाला म्हणत त्यांनी माइक पुढच्या वक्त्याच्या हातात दिला.