रिकाम्या गादीला मुजरा

आमच्या संस्थानात माझ्याएवढा मोठा आवाज कुणाचाच नाही. अक्कल मात्र देवानं त्या मापानं दिली नाही. दसऱ्याला राजेसाहेब दरबारात येताना दरबारी पागोटं चढवून ललकारी द्यायची, एवढंच माझं काम. राजे गेले, मूलबाळ नाही, म्हणून गादी राणीसाहेबांकडं आली. पण त्या खोलीबाहेर येतच नाहीत. या दसऱ्यालाही त्यांच्या दाराचा पडदा हलला नाही, तरी सवयीनं मी ललकारी ठोकली. झालं, सगळा गाव रिकाम्या गादीपुढं मुजऱ्याला वाकला. आता सरळ कधी व्हायचं ते कुणालाच कळेना, मलापण नाही. मग एकेक जण हसत उठला आणि आपट्याची पानं खिशात घालून घरी गेला.

मी पडद्याकडं बघत राहिलो. माझा बाप गेला तेव्हा दहावा झाल्याबरोबर मी इथं येऊन ओरडत होतो. राणीला तसं कोण सांगणार? बाई रडत बसली तर राज्य विरतं, आणि राज्यापायी रडू गिळलं तर नवऱ्यासाठी रडायचं कुणी? माझं डोकंच चालेना.

घरी बायकोला म्हणालो, "राणीसाहेबांनी आता बाहेर यायला पाहिजे. पुढच्या साली मुजऱ्याला कुत्रं यायचं नाही."

ती भाकरी थापत म्हणाली, "तिचा नवरा गेलाय. तुझं नुसतं दरबारी पागोटं जाईल."