सिस्टरचे कान

मंगळवार, ११ मार्च २०२५. स्वच्छ ऊन, दुपारनंतर वारा. सकाळी माळ्यावरच्या चादरी काढून उन्हात टाकल्या. चार वाजता वरच्या मजल्यावरच्या सिस्टरबरोबर दवाखान्यामागच्या बागेत गेले. बसल्या बसल्या ती एकदम उठून उभी राहिली आणि म्हणाली, "ऐकलंत?" मी म्हणाले, "नाही." मग परत आलो.

त्या दिवशीची नोंद एवढीच आहे. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी रोजनिशी लिहायला शिकवली तेव्हा सांगितलं होतं, घडलं ते लिहा, वाटलं ते देवाला सांगा. त्यामुळे माझ्या त्या "नाही"नंतर तिचा चेहरा कसा झाला ते नोंदीत नाही. ते इथे सांगते.

ही सिस्टर म्हणजे नर्स. आमच्या इमारतीत तिला नावाने कुणी हाक मारत नाही. तिचा नवरासुद्धा शनिवारी गावाहून आला की खालून ओरडतो, "सिस्टर, किल्ली टाका!" वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या खोलीत तिचं काम. काचेच्या पेट्या, प्रत्येक पेटीत हातभरसुद्धा नसलेलं मूल, त्याच्या पायाला वायर आणि वायरीच्या टोकाला मशीन. बाळ श्वास घ्यायचं विसरलं की मशीन वाजतं.

"विसरतात हो काकू, खरंच विसरतात," ती सांगायची. "तळव्याला टिचकी मारली की आठवतं त्यांना. लबाड असतात एकेक."

काम तिच्या अंगात मुरलं होतं. जिन्यात कुणाचा फोन वाजला तरी तिची मान डावीकडे वळायची, कारण त्या खोलीत सगळ्यात नाजूक बाळाची पेटी डाव्या हाताला असते. आम्ही हसायचो, तीही हसायची. पण त्या हिवाळ्यात लागोपाठ दोन बाळं गेली आणि तिचं हसू आटलं. जेवताना घास टाकून ती खोलीकडे धावायची. तिथे सगळं शांत असायचं. मुख्य नर्सच्या, म्हणजे मेट्रनच्या, ते नजरेत आलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नाहीत. म्हणाले, रोज तासभर झाडांखाली बसायचं, फोन घरी ठेवायचा, पानं बघायची.

"पानं बघायला डॉक्टर कशाला हवा?" ती माझ्या दारात उभी राहून कुरकुरली. "आणि एकटी बसले तर लोकांना वाटेल, नवऱ्याशी भांडून आलीय. तुम्ही चला ना काकू."

मला काय, पाय मोकळे होणार होते. गेलो. दवाखान्याची मागची भिंत आणि आमची गल्ली यांच्यामध्ये ती जुनी बाग आहे. मोठी झाडं, खाली ओलसर माती, एक बाक. पहिले काही दिवस फार छान गेले. तिचे खांदे खाली आले. एकदा तर तिने चपला काढून गवतात पाय सोडले. आणि मग तो मंगळवार.

"ऐकलंत?" ती उभी. मान डावीकडे.

"काय गं?"

"वाजतंय. लाल वाजतंय." मशीनचा साधा इशारा वेगळा आणि जिवावरचा वेगळा; जिवावरच्याला नर्स लाल म्हणतात.

मी कान देऊन ऐकलं. कापसातून यावी तशी पानांची सळसळ आली, बाकी काही नाही. मी तिचा हात धरून समजुतीने म्हणाले, "काही वाजत नाहीये बाळा. मनाचे खेळ असतात."

तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मला वाटलं होतं, तिला धीर येईल.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. ती दचकायची, माझ्याकडे बघायची, मी नाही म्हणून मान हलवायची. मग तिने विचारणं सोडलं. नुसती बाकाची कड घट्ट धरून बसायची. एकदा म्हणाली, "माझ्या आत्याला भिंतीतून रडणं ऐकू यायचं. आधी आम्ही तिची चेष्टा करायचो. शेवटी तिला घरात कोंडून ठेवावं लागलं." मग म्हणाली, "तीसुद्धा तेव्हा माझ्याच वयाची होती."

मी बिस्किटाचा पुडा पुढे केला.

शनिवारी तिचा नवरा खाली आला. गाडीची किल्ली हातात घेऊन माझ्या खुर्चीत अवघडून बसला. "काकू, खरं सांगा. तुम्हाला काही ऐकू येतं का तिथे?"

"नाही रे."

"एकदासुद्धा?"

"नाही."

त्याने किल्ली खिशात घातली आणि परत काढली. "ती म्हणते, सोमवारी मेट्रनला सांगणार. बाळांच्या खोलीतून काढून मला कागदपत्रांवर बसवा म्हणून. ज्या बाईला नसलेलं ऐकू येतं, तिच्या हातात बाळ कोण देईल, म्हणते. काकू, त्या खोलीशिवाय तिला दुसरं काही येत नाही हो. मलासुद्धा ती पेशंटसारखीच सांभाळते."

तो हसायला गेला, पण जमलं नाही.

रविवारी मी आमच्याच गल्लीत राहणाऱ्या कानाच्या डॉक्टरांकडून परस्पर बागेत गेले. हे डॉक्टर तोंडाने फटकळ. "आजी, ऐकायचं मशीन कानात घालायला दिलंय, पर्समध्ये ठेवायला नाही," म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने ते माझ्या कानात बसवलं होतं. मी बागेत ते नेहमी काढून ठेवायची. वारा सुटला की त्यात नुसता भसभसाट होतो.

सिस्टर आधीच येऊन बसली होती. मी टेकले. अंगावर येतील इतके आवाज होते, फांद्या, किडे, कुठेतरी सायकल. आणि त्यात मशीनचे असावेत असे तीन सूर वाजले, एकावर एक चढत जाणारे. टिंग, टिंग, टिंग. थांबून पुन्हा.

आधी मला वाटलं, हिचं मलाही लागलं. ती मांडीकडे बघत, ओठ मिटून बसली होती. ऐकू आलंच नाही असं दाखवत होती बिचारी.

"सिस्टर," मी म्हणाले, "वाजलं."

"काय वाजलं?"

"तुझं ते. टिंग टिंग."

"माझी समजूत घालू नका काकू. हात जोडते."

"अगं, समजूत घालायची तर सूर कुठून आणू मी? ऐक, पुन्हा वाजलं!"

ती माझ्याकडे बघत राहिली. "मग इतके दिवस?"

मी केस मागे करून तिला कान दाखवला. "इतके दिवस हे पर्समध्ये होतं. बारीक आवाज मला ह्याच्याशिवाय येत नाहीत."

ती अशी ओरडली की बागेतली माणसं वळून बघायला लागली. "काकू! मी इथे वेड लागलं म्हणून मरतेय, नवरा तिकडे उपास केल्यासारखं तोंड करून फिरतोय, आणि तुमचे कान पर्समध्ये?"

तेवढ्यात ती दिसली. दवाखान्याच्या भिंतीवरच्या पाइपावर एक साळुंकी. आधी तिने आपलं नेहमीचं किचकिच केलं, मग कुरकुरणाऱ्या दाराचा आवाज काढला, आणि मग मान उंचावून टिंग, टिंग, टिंग. पाइपाखालच्या खिडकीमागे दवाखान्याची दुरुस्तीची खोली आहे. तिथे दिवसभर मशीनं वाजवून तपासतात. साळुंकीने फुकटात शिकून घेतलं होतं.

सिस्टर हसता हसता रडायला लागली. सोमवारी ती मेट्रनकडे गेली नाही.

पुढचे दिवस सोन्यासारखे गेले. ती साळुंकीला "मेट्रन" म्हणायला लागली. पक्षी वाजला की ती मुद्दाम पाय पसरून बसायची. "बघा काकू, उठले का? नाही उठले." मी शाबासकी द्यायची. आपल्या हाताखाली ती बरी होतेय असं मला वाटत होतं.

एप्रिलमधल्या एका दुपारी ती युनिफॉर्ममध्येच माझ्याकडे आली. बूट न काढता स्वयंपाकघरापर्यंत आली आणि स्टुलावर बसली. मी पाणी दिलं, ते तिने तसंच धरून ठेवलं.

"आज वाजलं," ती म्हणाली. "डावीकडचं. लाल. आणि मी बसून राहिले."

मी गॅस बंद केला.

"मला वाटलं, साळुंकी. काकू, मला चक्क बरं वाटलं ऐकून. अंग सैल पडलं माझं. मग पलीकडची नर्स धावली, तिने टिचकी मारली."

"बाळ?"

"ठीक आहे. रडलं. माझा एक श्वास होईल एवढाच वेळ गेला. पण मी तो श्वास घेतला ना, आणि त्याने नाही घेतला."

ती वेडी झालीय असं वाटलं होतं तेव्हासुद्धा मला इतकी भीती वाटली नव्हती. तिला बसून राहायला मीच तर शाबासकी देत होते.

तिने मेट्रनला सगळं सांगितलं होतं, साळुंकीसकट. मेट्रन हसली नाही. महिनाभर एकटीने पेट्या बघायच्या नाहीत, सोबत दुसरी नर्स राहील. त्यानंतर पुन्हा बघू. "यापुढे कुठेही वाजलं तरी मी उठणार," सिस्टर म्हणाली. "पाखरू असो नाहीतर मशीन. आणि बसायचं ते जिथे वाजत नाही तिथेच. पण बसावं तर लागणार काकू, नाहीतर मी संपेन."

म्हणून आज आम्ही बसने शेवटच्या स्टॉपला उतरून तलावावर गेलो. उंच गवत, पाणी, लांबवर एक मासे धरणारा. वस्ती नाही, दवाखाना तर नाहीच. तरी ती ताठच बसली. मासा उसळला की दचकायची, फांदीवर काही हललं की उभी राहायची. पाखरं पुष्कळ होती, आणि कुणी कुठून काय शिकून आलंय ते काय सांगावं?

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मशीन कानात आहे ना?"

"आहे."

"मोठं करा."

मी आवाज वाढवला.

"मग तुम्ही ऐका. वाजलं तर मला हलवा. मी जरा डोळे मिटते."

आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवून ती झोपली. मी हलले नाही. पाणी, गवत, तिचा श्वास, सगळं एकत्र कानात घोंगावत होतं आणि त्यातलं काय ऐकायचं ते मला समजत नव्हतं. एखादं पाखरू चिरकलं की माझा हात तिच्याकडे जायचा. हाच का तो आवाज? हलवू का हिला? मध्येच तिचा श्वास ऐकू येईना, तेव्हा मी तिच्या नाकाशी बोट धरलं. खांद्याला मुंग्या आल्या. ऊन उतरेपर्यंत काहीही वाजलं नाही आणि मी एक क्षणही स्वस्थ बसले नाही.

ती जागी झाली, तेव्हा गालावर माझ्या बाहीची वीण उमटली होती. "काही वाजलं?"

"नाही."

"नक्की?"

मी केस मागे करून कान दाखवला. तिने वाकून बघितलं, मगच उठली.

संध्याकाळी रोजनिशीत लिहिलं: सिस्टरबरोबर तलावावर गेले, काही वाजलं नाही. इस्त्री बिघडली. उशांचे अभ्रे तसेच घडी करून ठेवले.