लाखोळीची चार पोती

१९७४ची अक्षय्य तृतीया. सानगडीला आमच्या ओसरीवर चौघं होतो: बाबा, आई, सालदार दसरू आणि मी. दसरूचं वर्षाचं साल ठरलं: धानाची चार पोती, लाखोळीची चार पोती आणि एक धोतरजोडी. त्याच दुपारी मी नोकरीसाठी पुण्याला निघालो. साकोलीच्या स्टँडवर माझी ट्रंक डोक्यावर घेऊन दसरू बसच्या टपावर चढला आणि उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या सोडून त्यानं सरळ उडी मारली. घरून निघतानाच आई सांगून राहिली होती, "दाळ संपली का चिठ्ठी टाकजो."

दाळ म्हणजे लाखोळीच. धान उभं असतानाच आमच्याकडे तिचं बी ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, फेकतात. नांगरट नाही, पाणी नाही, तरी पिकते. विकायला मात्र बंदी होती, म्हणून ती बहुतेक सालदाराच्या पोत्यात जाई. मी यात कधी काही वावगं पाहिलं नव्हतं.

पुण्यात मी एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कोठाराचा कारकून होतो. तिथल्या आहारतज्ज्ञ बाई प्रत्येक रोग्याचं जेवण ग्रॅममध्ये लिहून देत. याला डाळ जास्त का, त्याला पालेभाजी का, असं मी विचारत राही आणि त्या न कंटाळता सांगत. भातानं अंगात ताकद येते, डाळीतल्या प्रथिनांनी मांस बनतं, जखम भरते. रक्ताला लोह लागतं. जन्मभर जेवत आलो, पण घास आत जाऊन काय करतो हे तिशीत कळलं.

एकदा मोठ्या अभिमानानं मी त्यांना आईनं पाठवलेली मूठभर लाखोळी दाखवली. त्या म्हणाल्या, हिच्यात तुरीपेक्षा प्रथिनं जास्त आहेत. पण याच दाण्यात नसांना मारणारा एक पदार्थही आहे. महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय ताठरतात आणि पुन्हा सुधारत नाहीत. विक्रीला बंदी आहे ती त्यामुळेच. तुम्ही किती खाता? मी हिशेब केला. घरात लहानमोठी पाच माणसं, आठवड्याला एक किलो. म्हणजे माणशी रोजचे तीस ग्रॅमही नाहीत. शिवाय आई ती कढत पाण्यात भिजवून पाणी फेकते. मग काळजी नको, त्या म्हणाल्या. मी निर्धास्त झालो. दसरूच्या घरचा हिशेब मी केलाच नाही.

१९७७च्या दिवाळीला गावी गेलो. दसरू काठी टेकत, चवड्यांवर, गुडघ्याला गुडघा घासत आला. गाव म्हणे, वात आहे. तो हसून म्हणाला, "भाऊ, तुमची ट्रंक आता तुमीच चढवा. माह्ये पाय सुट्टीवर गेले."

तेव्हा हिशेब केला. पोत्याला नव्वद किलो, चार पोती, दसरूच्या घरात चार तोंडं. माणशी रोज जवळजवळ अडीचशे ग्रॅम. मी बाबांना सांगितलं.

"आमी बी तेच खाल्लं," बाबा म्हणाले. "आमचे पाय काहून नाही गेले?"

प्रश्न रास्त होता. मी पंचांगाच्या मागच्या पानावर दोन्ही घरांचे आकडे शेजारी शेजारी लिहून त्यांच्यापुढे ठेवले.

"पुण्याले जाऊन बापाचे घास मोजाले शिकला का?"

मी म्हटलं, दसरूदादाचे पाय आता परत येत नाहीत. पण त्याची दोन पोरं त्याच हंडीतलं खाऊन राहिली.

आतून आई म्हणाली, "पाणी फेकून देत जा म्हणून मी कधी सांगतलंच नाही सखूले." सखू दसरूची बायको.

आपण बाहेर पडलेले लोक एकत्र जमलो की गावच्या चवीच्या आठवणी काढतो. मीही काढतो. पण घर म्हटलं की आता मला आधी विचारावंसं वाटतं, ते जेवण कोणाच्या ताटात किती पडत होतं. मी तिथे असताना हे विचारलं नाही. विचारायला दूर जावं लागलं.

१९७८च्या अक्षय्य तृतीयेला मी नव्हतो. बाबांचं पत्र आलं. नांगर आता दसरूचा थोरला धरतो, दसरू बसून खळं राखतो. साल दोघांचं मिळून: धानाची सात पोती, तुरीची दोन. लाखोळी नाही. पोती मोजून घेतली सखूनं.