जीभ दाखवा, बाबा

साल दोन हजार एकोणीस. मी एकाहत्तर वर्षांचा. ती ओट्यावर चढली आणि नमस्कार-बिमस्कार न करता अंगठ्याने माझी खालची पापणी ओढली. "पांढरीफट्ट. रक्त कुठे ठेवलंत, बाबा?"

मलेरियासाठी दारोदार रक्त तपासत फिरणारी बाई तुम्हीही कधी पाहिली असेल. खांद्याला पिशवी, पिशवीत रक्ताचा थेंब घ्यायच्या काचा. आमच्या उलव्यात तेव्हा जिकडेतिकडे इमारतींचे खड्डे, खड्ड्यांत पाणी, पाण्यावर डास. सून सहा महिन्यांची गरोदर, तिला दोनदा मलेरिया होऊन गेलेला. तिसऱ्यांदा झाला तर पोराचं काही खरं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

बाईने माझं बोट धरलं. मी सोडवून घेतलं. "मला ताप नाय. सुनेला बघा."

"ताप नाही म्हणूनच बघते. कधीकधी मलेरिया अंगात मुरतो. ताप येत नाही, नुसतं रक्त आटतं. तुम्हाला चावलेला डास मग घरात दुसऱ्याला चावतो. झोपता कुठे?"

"इथंच. उघडा. मच्छरदाणी सुनेला दिलीय. जन्मभर जाळी विणली मी, आता जाळ्यात निजू?"

"आणि ती संध्याकाळी भाकऱ्या मच्छरदाणीत बसून थापते?"

मी बोट पुढे केलं.

काचेवर मलेरिया निघाला. मी चौथी शिकलेला, पण लाज कळते. चार दिवस सुनेच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

डॉक्टरांनी तपासून चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. धडधाकट माणसाने गोळी कशाला खायची, म्हणून दुसऱ्याच दिवशी मी ती गालात धरली आणि तुळशीमागे थुंकली. सुनेने पाहिलं, बाईला सांगितलं. मग बाई रोज सकाळी दारात.

"गिळा. आता जीभ दाखवा, बाबा."

शेजारच्या बायका हसायच्या. मी मुद्दाम लांब काढायचो.

"एवढी लांब, म्हणूनच उलट बोलता."

चार गोळ्या उरल्या तेव्हा ती म्हणाली, "उद्यापासून माझी ड्युटी तळोज्याला."

"मग मी गिळली की नाय, कोण बघनार?"

सून दाराशी तांदूळ निवडत होती. बाईने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पिशवी उचलली.

नात आता शाळेत जाते. बाई पुन्हा दिसली नाही.

पण ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या नव्या मच्छरदाणीतून उठलो, गोळी गिळली, ओट्यावर आलो आणि रिकाम्या रस्त्याला जीभ दाखवली.