कुंडीतला गवती चहा

आज सकाळी चहासाठी गवती चहाची पाती कापली. बोटांना वास लागला आणि मी ऐंशीच्या दशकातल्या ह्यूस्टनमध्ये, एका थाई बाईंच्या किराणा दुकानात जाऊन उभी राहिले.

अमेरिकेत येऊन मला चारच महिने झाले होते. हे दिवसभर ऑफिसात. मला ड्राइव्ह करता येत नव्हतं आणि पायी कुठे जावं तर फुटपाथच नाही. घरात नुसत्या येरझाऱ्या. शनिवारी त्या दुकानात जायचं, एवढंच माझं बाहेर पडणं.

त्या दिवशी बाई गवती चहाच्या जुड्या साफ करत होत्या. खालचे पांढरे दांडे विकायला ठेवत होत्या आणि हिरवीगार पाती छाटून चक्क कचऱ्यात टाकत होत्या. माझा जीव कळवळला.

"ती पाती मला द्या ना," मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं. "आम्ही तीच चहात घालतो."

त्या हसल्या. पाती तर दिलीच, वर मुळं असलेला एक दांडाही हातात ठेवला. "अंगणात लाव."

"नको, आम्ही दोन वर्षांत परत जाणार आहोत."

"मीसुद्धा दोनच वर्षांसाठी आले होते," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पाती छाटायला लागल्या.

मला इतका राग आला की गाडीत ह्यांच्याशीही बोलले नाही. घरी येऊन तो दांडा मुद्दाम कुंडीत लावला. जाताना कुणालाही उचलून देता आला असता.

तेव्हापासून चार घरं झाली, मुलं मोठी होऊन आपापल्या घरी गेली. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या या घराच्या परसात जागाच जागा आहे. आज चहा पिताना हे पुन्हा म्हणाले, "अगं, आता तरी ते कुंडीतलं रोप जमिनीत लाव."

"बघू पुढच्या वर्षी," मी म्हटलं.